तिन्ही समीकरणं जुळतात, मग खरं कोणतं?

प्रश्न : माझी मुलगी यंदा अकरावी सायन्सला आहे. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि सोडियम हायड्रॉक्साइड यांच्या अभिक्रियेचं संतुलित समीकरण लिहा, असं तिला घरी करायला दिलं होतं. तिच्या क्लासच्या वहीत एक समीकरण निघालं, मैत्रिणीच्या वहीत दुसरं आणि मोबाइलवर शोधलं तर तिसरंच. मी बँकेत काम करतो, रसायनशास्त्र दहावीनंतर सुटलं. पण दोन्ही बाजूंचे अणू मोजायला काही अवघड नाही. मोजले, तर तिन्ही जुळतात! मग बरोबर कोणतं? तिन्ही लिहून पाठवतोय.

१) एच२ओ२ + २ एनएओएच → एनए२ओ२ + २ एच२ओ
२) एच२ओ२ + एनएओएच → एनएएचओ२ + एच२ओ
३) एच२ओ२ + २ एनएओएच → २ एनए + २ एच२ओ + ओ२

— एक वाचक, बारामती

उत्तर : तिसरं आजच खोडा. पहिली दोन राहू द्या, पण एकाच्या जागी दुसरं चालणार नाही. कोणतं कुठे लागू पडतं हे कळायला भांड्यात काय चाललंय ते बघावं लागेल.

आधी तिसऱ्याचा निकाल लावू. त्यात उजवीकडे सोडियम धातू आहे आणि त्याला खेटून पाणी. सोडियम आपण प्रयोगशाळेत रॉकेलमध्ये बुडवून ठेवतो. हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा पाण्यात टाकला की त्याची वितळून गोळी होते, ती पाण्यावर सैरावैरा पळते, हायड्रोजन सोडते, कधी कधी पेटतेही. शेवटी पाण्यात उरतं ते सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे जे डावीकडे होतं तेच! ज्या भांड्यात पाणी आहे तिथे सोडियम धातू तयार होऊन राहणार नाही. तरीही या समीकरणात सोडियम दोन-दोन, हायड्रोजन चार-चार, ऑक्सिजन चार-चार. इलेक्ट्रॉनची देवघेवसुद्धा जुळते : पेरॉक्साइडच्या ऑक्सिजनने दोन दिले, दोन सोडियमनी एकेक घेतला. तुम्ही बँकेतले म्हणून सांगतो, जमा-नावे जुळलं म्हणून तो व्यवहार खिडकीवर झालाच होता असं ठरत नाही. समीकरणं जुळवून देणारी मोबाइलवरची साधनं फक्त जमा-नावे बघतात. त्यांना सोडियम कधी पाण्यात टाकून बघता आलेला नाही.

आता खरं काय घडतं ते. हायड्रोजन पेरॉक्साइड हे अगदी सौम्य आम्ल आहे, ही गोष्ट वर्गात घाईघाईत सांगितली जाते आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. त्याच्या रेणूत दोन ऑक्सिजन एकमेकांना जोडलेले आणि दोन्ही टोकांना एकेक हायड्रोजन. पाण्यापेक्षा ते आपला प्रोटॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन मागे ठेवून निघालेला हायड्रोजन, जरा सहज सोडतं. त्याचा पीकेए, म्हणजे आम्लाचा जोर सांगणारा आकडा (जितका कमी तितकं आम्ल जोरदार), ११.६ च्या आसपास. कॉस्टिक सोडा, म्हणजेच सोडियम हायड्रॉक्साइड, त्यातला एक प्रोटॉन ओढतो, त्याचं पाणी होतं आणि मागे हायड्रोपेरॉक्साइड आयन राहतो. हे तुमचं दुसरं समीकरण, एकास एक. या अभिक्रियेचा समतोल स्थिरांक साधारण अडीचशेच्या घरात येतो, म्हणजे तोल उजवीकडे चांगलाच झुकलेला, पण मागे येण्याची वाट उघडी.

दुसऱ्या टोकाचा प्रोटॉन मात्र पाण्यात असेपर्यंत जवळजवळ निघतच नाही. समजा निघालाच, तर उरलेला पेरॉक्साइड आयन शेजारच्या पाण्याच्या रेणूकडून प्रोटॉन हिसकावून घेतो आणि पुन्हा हायड्रोपेरॉक्साइड होतो. सोडियम पेरॉक्साइडची फिकट पिवळी पूड बर्फासारख्या थंड पाण्यात टाकली तर मिळतं सोडियम हायड्रॉक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. तुमचं पहिलं समीकरण उजवीकडून डावीकडे वाचा, तेच!

मग पहिलं चूक का? नाही. द्रावणं तीव्र असतील आणि भांडं बर्फात ठेवलं असेल, तर सोडियम पेरॉक्साइड आठ पाण्याचे रेणू सोबत घेऊन स्फटिकरूपात खाली बसतं. खाली बसलेला माल द्रावणातून बाहेर गेला, त्यामुळे अभिक्रिया त्या दिशेने पुढे सरकत राहते. लुई थेनार यांनी १८१८ साली हायड्रोजन पेरॉक्साइड पहिल्यांदा तयार केलं ते बेरियम पेरॉक्साइडवर आम्लाची क्रिया करून, म्हणजे याच नात्याच्या उलट्या बाजूने. धातूचं पेरॉक्साइड हा या सौम्य आम्लाचा क्षार आहे, एवढं मुलीच्या मनात पक्कं बसलं की पहिली दोन समीकरणं तिला पाठ करावी लागणार नाहीत. सल्फ्युरिक आम्लाचे दोन क्षार तिने शिकलेले असतील, एक प्रोटॉन काढून होणारा आणि दोन्ही काढून होणारा. इथेही तसंच आहे, फक्त दुसरा प्रोटॉन फार चिवट.

हे मी पुस्तकातून कमी आणि कापडावरून जास्त शिकलो. इचलकरंजीत एका प्रोसेस हाउसच्या लॅबमध्ये मी एकतीस वर्षं काढली. ग्रे कापड, म्हणजे मागावरून आलेलं कोरं कापड, आलं की आधी त्याची कांजी काढायची, मग कॉस्टिकमध्ये उकळायचं, मग पेरॉक्साइडने ब्लीच. ब्लीचच्या बाथचं आमचं माप होतं लिटरमागे ५० टक्क्यांचं पेरॉक्साइड १० ग्रॅम, कॉस्टिक २ ग्रॅम, सिलिकेट ५ ग्रॅम आणि तापमान ९० अंश. बीएस्सी होऊन नुकताच लागलो होतो. पहिल्याच आठवड्यात मी हिशेब मांडला. १० ग्रॅममध्ये शुद्ध पेरॉक्साइड ५ ग्रॅम, भागिले ३४, म्हणजे ०.१४७ मोल. पहिल्या समीकरणाप्रमाणे कॉस्टिकचे मोल त्याच्या दुप्पट, म्हणजे पावणेबारा ग्रॅमच्या आसपास हवं. आणि हे लोक टाकतात २ ग्रॅम, ०.०५ मोल! तीन रेणू पेरॉक्साइडला एक रेणू कॉस्टिक. मी कागद घेऊन आमच्या डाईंग मास्तरांकडे गेलो.

मास्तर सातवी शिकलेले. त्यांनी कागद नीट वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, ‘‘दोन बीकर लाव. एकात आपलं माप, एकात तुझं. दर पंधरा मिनिटांनी रीडिंग घे. मग बोलू.’’

रीडिंग म्हणजे पर्मँगनेटचं, बाथमध्ये पेरॉक्साइड किती उरलंय ते मोजायचं. बाथमधून १० मिली काढायचं, थंड करायचं, पातळ सल्फ्युरिक आम्ल घालायचं आणि ब्युरेटमधून, म्हणजे खुणा केलेल्या तोटीच्या काचनळीतून, एन/१० (ठरावीक तीव्रतेचं) पर्मँगनेट थेंब थेंब सोडायचं. जांभळा थेंब पडतो, विरतो, पडतो, विरतो आणि एक थेंब असा येतो की फिकट गुलाबी छटा टिकून राहते. तिथे थांबायचं. पर्मँगनेटचा प्रत्येक मिली म्हणजे १.७ मिलिग्रॅम पेरॉक्साइड. सुरुवातीला दोन्ही बीकरांना साडेएकोणतीस मिलीच्या आसपास लागलं. अर्ध्या तासाने मास्तरांच्या बीकरला बावीस आणि माझ्या बीकरला सहा. माझ्या बीकरवर फेस चढला होता, कापडाचा तुकडा बुडबुड्यांनी वर उचलला जात होता, आणि धुऊन सुकवल्यावर तोच जास्त पिवळट निघाला.

मग मास्तरांनी मला माझ्या बीकरातली अल्कली, म्हणजे कॉस्टिक, आम्ल घालून मोजायला लावली. आम्लाचं रीडिंग सुरुवातीला होतं जवळपास तेवढंच. पेरॉक्साइड उडून गेलं होतं आणि कॉस्टिक तिथेच होतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा दिसलं की या दोघांच्या भांड्यात एक नव्हे, दोन अभिक्रिया एका वेळी चालू असतात. एक, आम्ल-आम्लारीची, वर सांगितलेली. दुसरी, पेरॉक्साइड आपलं आपण फुटण्याची :

२ एच२ओ२ → २ एच२ओ + ओ२

या दुसरीत कॉस्टिकचं नावही नाही. पण कॉस्टिकमुळे तयार झालेला हायड्रोपेरॉक्साइड आयन शेजारच्या पेरॉक्साइडच्या रेणूवर चाल करतो, ऑक्सिजन सुटतो आणि कॉस्टिक पुन्हा मोकळं होतं. पाण्यात लोखंड, तांबं किंवा मँगॅनीजचा नुसता अंश असला तरी हे फुटणं कितीतरी पटींनी वाढतं. सिलिकेट टाकायचं ते या धातूंना बांधून ठेवायला. जिगरच्या, म्हणजे कापड बाथमधून फिरवणाऱ्या यंत्राच्या, रोलरवर कुठे गंज असेल तर त्या ठिपक्याशी पेरॉक्साइड इतक्या जोरात फुटतं की तिथला धागाच कुजतो. कापड उजेडात धरलं की टाचणीएवढी भोकं रांगेने दिसतात. मी अशी चादरीची अख्खी लांबी उजेडात धरून पाहिली आहे. भोकांमधलं अंतर मोजलं आणि ते रोलरच्या घेराएवढं निघालं. गंजाचा ठिपका आम्हाला अचूक सापडला.

आता तुमच्या मोजणीकडे परत येतो, कारण त्यातच मला सर्वांत जास्त रस आहे. मुलीला हे एकदा स्वतः करू द्या. दोन्ही अभिक्रिया एकाच ओळीत लिहिल्या आणि आकड्यांच्या जागी अक्षरं ठेवली :

अ एच२ओ२ + ब एनएओएच → क एनए२ओ२ + ड एच२ओ + इ ओ२

सोडियम मोजा : ब = २क. हायड्रोजन मोजा : २अ + ब = २ड. ऑक्सिजन मोजा : २अ + ब = २क + ड + २इ. अज्ञात पाच, समीकरणं तीन. सोडवत गेलं की मिळतं ब = २क, ड = २क + २इ आणि अ = क + २इ. क आणि इ यांना काय किंमत द्यायची हे मात्र गणित सांगत नाही! क एक आणि इ शून्य धरलं तर तुमचं पहिलं समीकरण. दोन्ही एक धरले तर ३ पेरॉक्साइड, २ कॉस्टिक, १ सोडियम पेरॉक्साइड, ४ पाणी, १ ऑक्सिजन. मोजा, जुळेल. इ दोन केलं तर ५, २, १, ६, २. तेही जुळेल. असं कितीही पुढे जाता येतं. आणि आता क शून्य आणि इ एक धरा : ब शून्य होतो. कॉस्टिक समीकरणातून आपोआप गळून पडतं आणि उरतं पेरॉक्साइडचं फुटणं. माझ्या बीकरात अल्कलीचं रीडिंग का हललं नाही, ते या शून्यात आहे. हे मला बऱ्याच वर्षांनी, एका रविवारी घरी बसून अक्षरं मांडताना दिसलं, आणि मास्तरांना दाखवायला ते हयात नव्हते याची चुटपुट अजून आहे.

एखादं समीकरण अनेक प्रकारे संतुलित होऊ लागलं, म्हणजे नुसती दुप्पट-तिप्पट नव्हे तर वेगळ्याच प्रमाणात, तर समजावं की एका ओळीत दोन स्वतंत्र अभिक्रिया कोंबल्या आहेत. त्या सुट्या करून लिहायच्या. कोणती किती चालली हे ब्युरेट सांगेल.

परीक्षेत काय लिहायचं? प्रश्नात ‘सोडियम पेरॉक्साइड मिळते’ असं असेल किंवा सोडियम हायड्रॉक्साइड दुप्पट दिलं असेल, तर पहिलं. पातळ जलीय द्रावण म्हटलं असेल किंवा एकास एक प्रमाण असेल, तर दुसरं. ‘कॉस्टिकच्या सान्निध्यात ऑक्सिजन सुटतो’ असं असेल, तर फुटण्याचं समीकरण, आणि कॉस्टिक बाणाच्या डोक्यावर. प्रश्न मोघम असेल तर मी मुलीला सांगेन की पहिलं लिही आणि खाली एका ओळीत दुसरंही लिही. तपासणारे शिक्षक त्या ओळीवर खूश होतील.

एक विनंती मात्र कळकळीने. हे घरी करून बघू नका. आमच्याकडे एकदा एका कामगाराने पहाटेच्या पाळीला वेळ वाचावा म्हणून पेरॉक्साइड आणि कॉस्टिक आधीच एका कॅनमध्ये एकत्र करून झाकण घट्ट लावून ठेवलं. तासाभरात कॅन भोपळ्यासारखा फुगला आणि फुटला. शेजारी उभ्या असलेल्या हेल्परच्या हातावर आणि गालावर कॉस्टिक उडालं. त्याला नळाखाली धरून वीस मिनिटं पाणी ओतलं, तेव्हा कुठे डोळा वाचला. पेरॉक्साइडच्या कॅनच्या झाकणाला बारीक छिद्र असतं ते उगाच नसतं. ते कधीही बुजवू नये. आणि कॉस्टिक अंगावर उडालं तर लिंबू-व्हिनेगर शोधत बसू नका. पाणी, भरपूर पाणी, आणि मग दवाखाना.

प्रश्न : माझं ब्यूटी पार्लर आहे. केसांच्या ब्लीचची पावडर डेव्हलपरमध्ये कालवल्यावर लगेच वापरा, उरलेलं डबीत भरून ठेवू नका, असं पाकिटावर लिहिलेलं असतं. महाग माल टाकून देताना जिवावर येतं. खरंच टाकायला हवं का? आणि ‘२० व्हॉल्यूम’ म्हणजे काय?

— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, टाकाच. वर बारामतीच्या वाचकांना जे सांगितलं तेच तुमच्या वाटीत होतं. डेव्हलपर म्हणजे पेरॉक्साइड, आणि ते बाटलीत टिकावं म्हणून मुद्दाम आम्लधर्मी ठेवलेलं असतं. पावडरमध्ये अल्कली असते. दोन्ही एकत्र आले की हायड्रोपेरॉक्साइड आयन तयार होऊ लागतो. केसांचा रंग काढण्यात त्याचा मोठा वाटा असतो. पण त्याच क्षणापासून पेरॉक्साइड फुटायलाही लागतं. तासाभराने वाटीत जे उरतं त्यात दम नसतो, आणि बंद डबीत भरलंत तर ऑक्सिजन साठून डबी फुटेल. लागेल तेवढंच कालवा. अर्ध्या केसांना पुरेल एवढं आधी आणि उरलेल्यासाठी नंतर, असं केलंत तर वाया कमी जाईल.

२० व्हॉल्यूम म्हणजे त्या द्रावणाचा एक लिटर पूर्ण फुटला तर २० लिटर ऑक्सिजन निघेल. ते साधारण ६ टक्के पेरॉक्साइड. १० व्हॉल्यूम म्हणजे ३ टक्के. ताडून बघायचं तर, ३ टक्क्यांच्या एका लिटरमध्ये ३० ग्रॅम पेरॉक्साइड, भागिले ३४ म्हणजे ०.८८ मोल. दोन रेणूंमागे ऑक्सिजनचा एक, म्हणून ०.४४ मोल, गुणिले २२.४. उत्तर दहाच्या अगदी जवळ येतं.

प्रश्न : औषधाच्या दुकानातून आणलेली पेरॉक्साइडची बाटली कपाटात वर्षभर उघडलेली आहे. तिच्यात अजून काही उरलंय का, हे घरी कळेल का?

— एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : कळेल. कच्च्या बटाट्याची ताजी चकती कापा आणि बशीत ठेवून तिच्यावर चमचाभर ओता. बटाट्यातलं कॅटलेज नावाचं विकर पेरॉक्साइड फोडतं. चकतीवर लगेच दाट पांढरा फेस आला तर माल जिवंत आहे. तुरळक बुडबुडे आले तर संपत आलाय, आणि काहीच आलं नाही तर बाटलीत पाणी आहे. चकती आणि बशीतलं द्रावण टाकून द्या, बाटलीत परत ओतू नका. बटाट्याचा कण आत गेला तर उरलंसुरलंही फुटून जाईल. औषध म्हणून वापरायचं असेल तर मात्र फेस कितीही येवो, तारीख उलटलेली बाटली नको, नवीन आणा. ती अंधाऱ्या, थंड जागी ठेवा, चुलीवरच्या फळीवर नको.